आधी पत्ता, मग फोन, मग बँक : टोकियोत बस्तान बसवताना

एप्रिल २०२५ मध्ये मी नोकरीसाठी टोकियोला आले. निघण्याआधी जपानबद्दल जे काही वाचलं-पाहिलं होतं, त्यातलं निम्मं शिन्कान्सेनबद्दल, म्हणजे बुलेट ट्रेनबद्दल होतं आणि उरलेलं बटणांच्या कमोडबद्दल. दोन्ही गोष्टी पहिल्या दिवशीच जमल्या. इथली यंत्रं अवघड नाहीतच. अवघड आहे तो कागदांचा क्रम. फोन नंबर घ्यायला पत्ता लागतो, बँकेत गेलं की फोन नंबर मागतात, फोनवाले बिलासाठी बँक खातं मागतात, आणि पगारासाठी ऑफिसला खातं आठवड्याभरात हवं असतं. यातला पहिला धागा कुठून सोडवायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहून ठेवतेय. माझा व्हिसा नोकरीचा, इंजिनिअरच्या वर्गातला, मुक्काम तीन वर्षांचा. ऑफिस ओतेमाचीला, घर एदोगावा वॉर्डात निशी-कासाईला. विद्यार्थी म्हणून किंवा जोडीदाराच्या व्हिसावर येणाऱ्यांचे तपशील थोडे वेगळे असतील, क्रम साधारण हाच.

निघण्याआधी

कंपनीनं जानेवारीत सीओईचा अर्ज केला, म्हणजे ‘हिला इथे राहायची पात्रता आहे’ असं जपानच्या इमिग्रेशनचं प्रमाणपत्र. ते मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलं, तेही ईमेलनं. २०२३ पासून ही सोय झाली आहे, त्यामुळे मूळ कागद कुरिअरनं यायची वाट बघावी लागत नाही. ते तीनच महिने चालतं, तेवढ्या मुदतीत जपानमध्ये पाऊल पडलं पाहिजे. त्याची प्रिंट घेऊन मी कोल्हापूरहून मुंबईला जाऊन व्हिसाचा अर्ज दिला. सीओई हातात असेल तर व्हिसाचं काम त्या मानानं सोपं असतं, आठवड्याभरात पासपोर्ट परत आला.

भारतातून करून यायच्या दोन गोष्टी मात्र कुठल्याच सरकारी यादीत नसतात. एक म्हणजे बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशातला वापर सुरू करणं. आपल्याकडे २०२० पासून नव्या कार्डांवर तो बंदच असतो. दुसरी म्हणजे भारतातल्या नंबरावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करूनच विमानात बसणं. इथे पोचल्यावर ते सुरू करायला गेलात तर ओटीपी त्याच बंद नंबरावर जातो. पुढे कितीतरी महिने भारतातल्या बँकेचं प्रत्येक काम त्या ओटीपीवर अडतं, तेव्हा तो नंबर जिवंत ठेवा.

आणि चार्जरवरचं बारीक अक्षर वाचा. जपानच्या भिंतीत १०० व्होल्ट असतात, आपल्याकडे २३०. लॅपटॉप-फोनच्या चार्जरवर बहुधा १०० ते २४० लिहिलेलं असतं, त्यांना फक्त दोन चपट्या पिनांचा अ‍ॅडॅप्टर लागतो. मिक्सर, इस्त्री, हेअर ड्रायर यांवर तसं लिहिलेलं नसतं. ते घरीच ठेवा. मिक्सरचं काय करायचं ते पुढे येतं.

नारिता

३ एप्रिलला सकाळी नारिताला उतरले. व्हिजिट जपान वेब नावाच्या सरकारी साइटवर आधीच माहिती भरून क्यूआर कोड काढून ठेवला होता. तो, बोटांचे ठसे आणि फोटो झाले की काउंटरवरच रहिवासी कार्ड छापून देतात. त्याला झाइर्यू कार्ड म्हणतात. नारिता, हानेदा, कान्साई अशा मोठ्या विमानतळांवरच ते जागेवर मिळतं. ते सतत जवळ बाळगणं कायद्यानं बंधनकारक आहे, अगदी खाली दूध आणायला जातानासुद्धा.

ते हातात आलं की आधी नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख तपासा. मग पत्त्याच्या रकान्याकडे बघा. तिथे ‘ठरलेला नाही, नोंदणीनंतर मागे लिहिला जाईल’ अशा अर्थाचं जपानी वाक्य छापलेलं असतं. या वाक्यानं पुढे माझा बराच वेळ खाल्ला.

कंपनीनं पहिले काही दिवस किन्शिचोला एका मासिक भाड्याच्या खोलीत सोय केली होती. दुसऱ्या दिवशी स्टेशनवरच्या मशीनमधून सुइका, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड, घेतलं. २,००० येन घातले, त्यातले ५०० अनामत, १,५०० प्रवासाला. येन तेव्हा साठ पैशांच्या आसपास होता, तो हिशेब पुढेही धरा. माझं नशीब चांगलं म्हणायचं, कारण चिपच्या टंचाईमुळे २०२३ च्या उन्हाळ्यापासून ही कार्डं विकणंच थांबवलं होतं आणि नाव न नोंदवलेलं साधं कार्ड १ मार्च २०२५ पासून पुन्हा मिळू लागलं होतं. कार्डावर पैसे भरायला स्टेशनच्या मशीनला रोख लागते. भारतातलं कार्ड तिथे चालत नाही, म्हणून सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएममधून येन काढायचे. ते एटीएम परदेशी कार्ड घेतं, त्यावर इंग्रजी असतं आणि ते रात्रीही चालू असतं.

इंटरनेटसाठी पर्यटकांचं ई-सिम भारतातूनच घेऊन आले होते. त्यात डेटा असतो, नंबर नसतो. पहिले दोन आठवडे नकाशा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर निभतं, पण कुठलाही अर्ज भरायला बसलं की चौथ्या रकान्यात फोन नंबर मागतातच. ऑफिसातल्या एचआरच्या बाईंना विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, आधी घर. घराशिवाय काहीच होणार नाही.

अंधारातलं घर

१२ एप्रिलला, शनिवारी, निशी-कासाईच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. घर कंपनीच्या नावानं घेतलेलं, त्यामुळे जामीनदार, ‘किल्लीचे पैसे’ (घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम) या भानगडी माझ्यापर्यंत आल्या नाहीत. निशी-कासाईत भारतीय इतके आहेत की २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आला. माझ्याच इमारतीत खाली जळगावच्या एक ताई राहतात, बऱ्याच वर्षांपासून. पुढच्या सगळ्या गोष्टीत त्यांचा मोठा वाटा आहे.

जपानी घर रिकामं म्हणजे खरोखर रिकामं मिळतं. गॅसची शेगडी नाही, पडदे नाहीत, आणि खोल्यांना दिवे नाहीत. छताला फक्त एक गोल खोबण असते. तिच्यात दिवा अडकवून थोडा फिरवला की बसतो, वायरमन लागत नाही. पण हे कळायला दिवसाउजेडी घर बघावं लागतं. मी संध्याकाळी साडेपाचला पोचले, सातला अंधार. न्हाणीघरात आणि दारापाशी मात्र दिवे होते, त्यामुळे रात्रीचं जेवण दारापाशी बसून झालं. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन रिमोटवाला एलईडी दिवा आणला, ४,५०० येनच्या आसपास. दुकानात तो किती ‘जो’च्या खोलीसाठी आहे ते लिहिलेलं असतं, म्हणजे किती तातामीची, त्या जपानी चटयांच्या मापाची, खोली. मजल्याच्या नकाशावरून आपल्या खोलीचा आकडा बघून जा.

वीज घरात शिरल्यावर मुख्य स्विच वर केला की सुरू होते, नोंदणी ऑनलाइन. गॅसचं तसं नाही. गॅस सुरू करायला माणूस येतो आणि तेव्हा आपण घरी असणं सक्तीचं असतं. त्याची वेळ एचआरच्या बाईंनी आधीच घेऊन ठेवली होती म्हणून बरं. तो आला, गळती तपासली, गरम पाण्याचं यंत्र चालवून दाखवलं, पैसे काही घेतले नाहीत. शेगडी आपण विकत घ्यायची. घ्यायच्या आधी घरी शहरी गॅस आहे की सिलिंडरचा, ते विचारा. दोन्हींच्या शेगड्या वेगळ्या असतात आणि खोक्यावर तसं ठळक लिहिलेलं असतं. इंडक्शन असलेलं घर मिळालं तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर उपयोगाचा नाही, स्टीलचा आणा.

न्हाणीघराच्या भिंतीवरचं पाण्याचं पॅनेल जपानीत बोलतं. फोनच्या कॅमेऱ्यानं त्यावरची बटणं वाचून घेतली आणि प्रत्येकावर मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या. त्या अजून आहेत.

मिक्सरचं सांगायचं राहिलं. इथल्या दुकानात मिळणारे ब्लेंडर शेंगदाण्याच्या कुटापुढे हात टेकतात. २३० व्होल्टचा मिक्सर आणलाच तर त्याच्यासाठी व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, तो विटेसारखा जड आणि महाग. ताईंचा उपाय सोपा होता : भारतातच अमेरिकेसाठी बनवलेला ११० व्होल्टचा मिक्सर मिळतो, तो इथे चालतो. मी आईकडून तोच मागवला.

आणखी एक गंमत. जपानच्या पूर्व भागात वीज ५० हर्ट्झची आणि पश्चिमेत ६० ची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोनं जनित्रं जर्मनीतून आणली, ओसाकानं अमेरिकेतून, आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. सीमा साधारण फुजी नदीपासून वर इतोइगावापर्यंत. हल्लीच्या बहुतेक वस्तू दोन्हीवर चालतात, पण ऑफिसातल्या एकानं ओसाकाहून आणलेला जुना मायक्रोवेव्ह फक्त ६० चा निघाला. जुन्या वस्तू घेताना मागचं लेबल बघा. आणि घेतल्या तरी टाकायचा खर्च लक्षात ठेवा. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, एसी टाकताना कायद्यानं पुनर्वापराचे पैसे भरावे लागतात. बाकीच्या मोठ्या कचऱ्यासाठी कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, चिकटपट्ट्या घ्यायच्या. टोकियोच्या वॉर्डांत त्या २०० आणि ३०० येनच्या असतात.

वॉर्ड ऑफिस

१४ एप्रिलला, सोमवारी, वॉर्डाच्या कासाईच्या कार्यालयात गेले. नव्या घरात राहायला लागल्यापासून १४ दिवसांत पत्ता नोंदवायचा असतो. एप्रिलात शाळा, कॉलेज, नोकऱ्या सगळंच नव्यानं सुरू होतं, त्यामुळे निम्मं शहर घर बदलत असतं. टोकन घेतलं आणि दोन-अडीच तास बसले. जमलं तर आठवड्याच्या मध्यावर सकाळी उघडताना जा.

लागलं काय, तर पासपोर्ट, झाइर्यू कार्ड आणि जपानीत नीट लिहिलेला पत्ता. फॉर्म जपानीत, पण शेजारी इंग्रजी नमुना होता, आणि अडलं तेव्हा टॅब्लेटवर दुभाषा जोडून दिला. कार्डाच्या मागे पत्ता छापून मिळाला. त्याच वेळी जुमिन्ह्यो, म्हणजे रहिवासाचा दाखला, तोही घ्या. ३०० येनला एक. मी तीन घेतले आणि तिन्ही संपले. मागताना ‘माय नंबरशिवाय’ म्हणून मागा. माय नंबर म्हणजे इथला बारा आकडी ओळख क्रमांक. तो छापलेला दाखला फोनवाले वगैरे घेत नाहीत, त्यांना तो पाहायची परवानगीच नसते.

घरी आल्यावर ताईंना आनंदानं कार्ड दाखवलं. त्या म्हणाल्या, “अगं, ते ठीक आहे, पण आधी खाली जाऊन पत्रपेटीवर नाव चिकटव. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो.” यापुढचं जवळजवळ सगळं टपालानं येणार होतं. बँकेचं कार्ड, माय नंबरची चिठ्ठी, विम्याचे कागद. रोमन आणि काताकाना (परकी नावं लिहायची जपानी लिपी), दोन्ही लिप्यांत नाव लिहून चिकटवलं.

नावाचाही एक मुद्दा आहे. आपल्या पासपोर्टात नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, त्यामुळे झाइर्यू कार्डावर आडनाव, नाव, मधलं नाव अशी लांबलचक ओळ येते. ती काताकानात कशी लिहायची हे तुम्हीच ठरवायचं, पण एकदा ठरवलं की प्रत्येक फॉर्मवर तेच. पगार पाठवताना ऑफिसकडचं काताकाना आणि बँकेतलं काताकाना जुळलं नाही तर पैसे परत जातात. शिवाय ऑनलाइन फॉर्म कधी पूर्ण रुंदीची अक्षरं मागतात, कधी अर्ध्या रुंदीची. पत्त्यातले आकडेसुद्धा दोन प्रकारचे. ‘चूक’ एवढंच लाल अक्षरांत दिसतं, काय चुकलं ते नाही. मी फोनमधल्या एका नोंदीत नाव आणि पत्ता सगळ्या प्रकारांनी लिहून ठेवला आणि तिथून उचलून चिकटवत राहिले. हा एक उद्योग पहिल्याच दिवशी करा.

फोन नंबर

आता पत्ता होता. एका कंपनीचं स्वस्त सिम घरबसल्या मागवायला गेले. कार्डाचा फोटो, कार्ड तिरकं धरून जाडीचा फोटो, मग चेहरा डावीकडे-उजवीकडे, सगळं झालं. दोन दिवसांनी नकार. कारण दिलेलं नव्हतं. पुन्हा अर्ज केला, पुन्हा नकार. शेवटी ताईंच्या मुलानं बघितलं, तो इथेच वाढलेला. म्हणाला, “मावशी, त्यांना समोरच्या बाजूला पत्ता दिसत नाहीये.” विमानतळावर मिळालेल्या कार्डाच्या समोर ते ‘ठरलेला नाही’चं वाक्य असतं आणि खरा पत्ता मागे. त्यांची तपासणी मागच्या बाजूपर्यंत जात होती की नाही कोण जाणे. मी तिसरा अर्ज केला नाही.

सरळ दुकानात गेले. मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत फोन कंपन्यांचे वेगवेगळे काउंटर असतात. पहिल्या काउंटरवर माझं भारतातलं क्रेडिट कार्ड चाललं नाही. आपल्याकडे २०२१ पासून दरमहा आपोआप पैसे कापायला वेगळी परवानगी लागते आणि परदेशी कंपन्यांच्या बाबतीत ती गाडी बऱ्याचदा अडते. जपानी बँक खातं विचारलं. ते नव्हतं. खातं काढायला नंबर हवा, नंबर घ्यायला खातं हवं, असा तो पेच.

सुटका अशी झाली की परदेशी रहिवाशांना सिम देणाऱ्या काही कंपन्या आहेत. त्यांचं बिल कोंबिनीत रोख भरता येतं. दर थोडा जास्त. मला सुरुवातीचे ३,३०० येन आणि महिन्याला दोनेक हजार पडले. कार्डाची दोन्ही बाजू आणि जुमिन्ह्यो दाखवला आणि १९ एप्रिलला ०७० नं सुरू होणारा नंबर मिळाला. सिम घेताना ‘आवाजाचं’ म्हणजे कॉल करता येणारं घ्या. नुसत्या डेटाच्या सिमला नंबर असला तरी बँका तो मानत नाहीत. पुढे बँक झाली की नंबर तोच ठेवून स्वस्त कंपनीकडे जाता येतं. मीही तेच करायचं ठरवलं.

बँक

पगार २५ तारखेला. एचआरच्या बाईंनी दोनदा आठवण केली होती.

ऑफिसखालच्या एका बँकेत गेले. त्यांनी कार्ड बघितलं, प्रवेशाची तारीख बघितली आणि फार नम्रपणे सांगितलं की सहा महिने झाल्यावर या. इथल्या परकीय चलनाच्या कायद्यात सहा महिन्यांच्या आतला परदेशी माणूस ‘अनिवासी’ धरतात. हे बऱ्याच जणांना होतं आणि लोक गप्प परत येतात. मीही आले, पण संध्याकाळी ऑफिसच्या हिशेबखात्यातल्या गृहस्थांनी एक गोष्ट सांगितली : जपानमधल्या कार्यालयात नोकरी करणारा माणूस पहिल्या दिवसापासून ‘निवासी’ धरला जातो. म्हणजे नोकरीचा पुरावा नेला पाहिजे. कंपनीकडून नोकरीचं प्रमाणपत्र घेतलं, ओळखपत्र घेतलं आणि २२ एप्रिलला सकाळी पोस्टाच्या बँकेत गेले.

तिथे तासभर गेला. नोकरी कुठे, पगार कुठून, भारतात पैसे पाठवणार का, सगळं विचारलं. शिक्का, म्हणजे हांको, लागला नाही, सही चालली. चार आकडी पिन ठरवताना जन्मतारीख घेऊ देत नाहीत, एखादा आकडा मनात ठेवून जा. खाते क्रमांक मिळाला आणि तो दुपारीच ऑफिसला दिला. एप्रिलचा पगार तरी हुकलाच. त्यांची मुदत आदल्या दिवशी संपली होती, तो मेच्या पगारात मिळाला. पहिले दोन महिने भारतातल्या पैशांवर निघतील एवढी सोय करूनच या. दिवे, शेगडी, गादी, पडदे, भांडी यांतच माझे लाखभर येन गेले.

कार्ड नोंदणीकृत टपालानं आलं तेव्हा मी घरी नव्हते. पोस्टमन चिठ्ठी टाकून जातो. त्यावरच्या क्यूआर कोडवरून पुन्हा यायची वेळ ठरवता येते, रात्री सात ते नऊसुद्धा. फोनवर जपानी बोलायची गरज नाही.

पास, आणि फोन बदलणं

निशी-कासाई ते ओतेमाची तोझाई लाइननं पाव तास. ही टोकियोतल्या सर्वांत गर्दीच्या लाइनींपैकी एक. २०१९ मध्ये किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात गाडी क्षमतेच्या १९९ टक्के भरत होती. मुंबई लोकलची सवय असलेल्यांना हे काहीच वाटणार नाही, कोल्हापूरच्या मला वाटलं.

कंपनी पासाचे पैसे देते. मी सुइकावर पास काढायला गेले तर मशीन ते कार्ड घेईना. सुइका जेआर या रेल्वे कंपनीचं. नुसत्या मेट्रोच्या मार्गाचा पास हवा असेल तर पास्मो नावाचं तसंच दुसरं कार्ड घ्यावं लागतं. सुटा प्रवास दोन्हींवर सगळीकडे होतो, पास मात्र ज्याचा त्याच्याच कार्डावर. म्हणून माझ्याकडे दोन कार्डं झाली. ज्यांचं ऑफिस मेट्रोवर आहे त्यांनी पहिल्या दिवशीच पास्मो घेतलं तर ५०० येन वाचतील.

फोनवर हे कार्ड घालायचं तर माझा भारतातला अँड्रॉइड कामाचा नव्हता. या कार्डांत सोनीची फेलिका चिप असते. भारतात विकल्या जाणाऱ्या अँड्रॉइड फोनमध्ये ती सोय चालू नसते. आयफोन मात्र ८ पासून पुढचा, जगात कुठेही घेतलेला चालतो. दुसरं कारण जास्त गंभीर. जपानात वाय-फाय, ब्लूटूथ वापरणाऱ्या प्रत्येक यंत्रावर ‘गितेकी’, म्हणजे ते इथल्या रेडिओच्या नियमांत बसतं अशी, खूण लागते. बाहेरून आणलेला, खूण नसलेला फोन आल्यापासून ९० दिवस वापरता येतो, पुढे नियमात बसत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये नियामक माहितीचं पान असतं, तिथे बघा. माझ्यावर ती खूण नव्हती. कुणी पकडत नाही असं लोक सांगतात, पण रहिवासी म्हणून आलोय तर कशाला.

जूनच्या मध्याला अकिहाबारात जाऊन वापरलेला आयफोन घेतला, पन्नास हजार येनच्या आत. जुन्या फोनची दुकानं इथे फार प्रामाणिकपणे प्रत लावतात. ‘बी’ लिहिलेल्या फोनवर मला ओरखडा शोधावा लागला. दोन गोष्टी तपासा. सिम लॉक नसलेला, म्हणजे एकाच कंपनीच्या सिमला न बांधलेला असावा. २०२१ च्या ऑक्टोबरपासून लॉक लावायला बंदी आहे, त्याआधीच्यांचं बघून घ्या. दुसरं, ‘नेटवर्क मर्यादा’ या शब्दांपुढे गोल, त्रिकोण किंवा फुली असते. आधीच्या मालकाचे हप्ते थकले तर कंपनी फोन बंद करू शकते. गोल असलेलाच घ्या. आणि इथला आयफोन फोटो काढताना आवाज करतोच, बंद होत नाही.

पास्मोचं प्लॅस्टिक कार्ड फोनमध्ये घ्यायला शेवटचे चार आकडे आणि जन्मतारीख भरायची आणि फोन कार्डावर ठेवायचा. पाससकट सगळं आत जातं, अनामतीचे ५०० येन शिलकीत जमा होतात आणि प्लॅस्टिक कार्ड त्या क्षणी बाद होतं. फोनची बॅटरी संपून तो बंद पडला तरी पुढचे काही तास स्टेशनच्या तिकीट-फाटकातून जाता येतं. ही सोय मी एकदा नाइलाजानं वापरली आहे.

माय नंबर

माय नंबर मेच्या सुरुवातीला टपालानं आला. तो नुसता कागद असतो. कार्डासाठी त्याच्यावरच्या क्यूआरवरून अर्ज करायचा, फोटो घरीच पांढऱ्या भिंतीसमोर काढला तरी चालतो. पहिल्यांदा फुकट. जूनच्या अखेरीस पोस्टकार्ड आलं, वेळ ठरवून वॉर्ड ऑफिसात जाऊन कार्ड आणलं. दोन प्रकारचे पासवर्ड ठरवावे लागतात, चार आकडी आणि निदान सहा अक्षरांचा. डिसेंबर २०२४ पासून जुन्या पद्धतीचं आरोग्य विम्याचं कार्ड नव्यानं देणं बंद झालं आहे, दवाखान्यात हेच कार्ड चालतं. ते मिळेपर्यंत विम्याचा वेगळा कागद मिळतो, तो सांभाळा. परदेशी माणसाच्या माय नंबर कार्डाची मुदत व्हिसाबरोबर संपते. व्हिसा वाढवला की ते आपोआप वाढत नाही, वॉर्ड ऑफिसात जाऊन वाढवून घ्यावं लागतं. कॅलेंडरात लिहून ठेवा.

या कार्डावर जुमिन्ह्यो कोंबिनीतल्या झेरॉक्स मशीनमधून निघतो. नवरा आणि मुलगा यांच्या सीओईसाठी मला तो हवाच होता, रात्री दहाला काढून आणला. त्यासोबत लागतात लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला आणि दोन्हींचं जपानी भाषांतर. भाषांतर स्वतः केलं तरी चालतं, खाली करणाऱ्याचं नाव लिहायचं. जुलैत शिनागावाजवळच्या इमिग्रेशनच्या कार्यालयात अर्ज दिला. नऊला उघडतं, साडेआठलाच रांग असते. अर्जाला फी नाही. उत्तर टपालानं हवं असेल तर तिकीट लावलेलं पाकीट द्यावं लागतं, ईमेलनं घेतलं तर तेही लागत नाही.